सर्टिफिकेट आहे, तरी ‘सापडत नाही’: विंडोज बिल्डवरच्या सहीची दर रिलीजची भानगड

बडोद्यात डेस्कटॉप सॉफ्टवेअर अजून रोज विकलं जातं. मकरपुरा जीआयडीसीतल्या युनिटमध्ये वजनकाटा सीरियल पोर्टवर असतो, बारकोड प्रिंटर यूएसबीवर आणि इंटरनेट मालकाच्या मोबाइलवर. तिथे वेबचं कौतुक कोणाला? त्यामुळे इन्स्टॉलर बनवा, त्यावर कोड सायनिंगची सही करा (प्रोग्राम कोणाचा आहे आणि वाटेत बदललेला नाही, हे विंडोजला दाखवणारी डिजिटल सही), पाठवा, हे चक्र इथल्या लहान कंपन्यांत चालूच आहे. आणि दर रिलीजला गाडी सहीपाशीच अडते. मागच्या वेळी सुरळीत चाललेली बिल्ड स्क्रिप्ट (प्रोग्राम बांधून सही करणाऱ्या आदेशांची फाइल), तिच्यात एक अक्षरही बदललेलं नसताना, आज म्हणते की सर्टिफिकेट सापडलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोष बहुतेक वेळा सर्टिफिकेटमध्ये नसतोच. टोकन (सहीची गुप्त किल्ली ठेवलेलं यूएसबी उपकरण), लॉगिन सेशन, घड्याळ, नाहीतर सहीनंतर फाइलला लागलेला कोणाचा तरी हात, यांपैकी काहीतरी निघतं. म्हणून एररचा मजकूर गूगलवर टाकण्याआधी एवढं ठरवा की अडतंय कुठे. बिल्ड मशीनवर सहीच होत नाहीये? सही होतेय पण तपासणीत नापास होतेय? की तुमच्याकडे सगळं पास आणि बोंब फक्त गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर? या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. ती एकत्र कालवली की माणूस चालू सर्टिफिकेट रद्द करून नवं मागवायला निघतो. ते तर मुळीच करू नका. रद्द करताना जी तारीख नोंदवली जाते, तिच्यानंतरच्या सगळ्या सह्या टाइमस्टॅम्प (सही केव्हा झाली याचा त्रयस्थ सर्व्हरचा दाखला) असूनही अमान्य होतात, आणि ती तारीख मागची असेल तर आजवर विकलेल्या कॉप्याही गोत्यात येतात.

सहीच होत नाही

साइनटूल या मायक्रोसॉफ्टच्या सही करणाऱ्या साधनाचा सर्वात कुप्रसिद्ध एरर म्हणजे ‘नो सर्टिफिकेट्स वेअर फाउंड दॅट मेट ऑल द गिव्हन क्रायटेरिया’, म्हणजे दिलेल्या अटींत बसणारं एकही सर्टिफिकेट सापडलं नाही. या एकाच वाक्यामागे निदान पाच-सहा वेगळी दुखणी लपतात. तेव्हा अंदाज बांधत बसू नका, त्याच कमांडला डीबगचा पर्याय जोडून पुन्हा चालवा. साइनटूल मग कॉम्प्युटरवरची सर्टिफिकेटं एकेक चाळणीतून काढतं आणि प्रत्येक चाळणीनंतर किती उरली ते छापतं: ईकेयू म्हणजे वापराच्या उद्देशाची चाळणी, मुदतीची चाळणी, थंबप्रिंटची (सर्टिफिकेटच्या ओळखक्रमांकाची) किंवा नावाची चाळणी आणि शेवटी प्रायव्हेट कीची, म्हणजे सही करणाऱ्या गुप्त किल्लीची. आकडा ज्या ओळीवर शून्य होतो, तिथेच तुमचं उत्तर आहे. हा पर्याय इतकी वर्षं आहे आणि इतके कमी लोक तो वापरतात याचं मला खरंच नवल वाटतं.

ईकेयूवर शून्य आलं तर तुम्ही भलतंच सर्टिफिकेट घेऊन बसला आहात. आपल्याकडे याचं ठरलेलं कारण म्हणजे जीएसटी आणि एमसीएचं (कंपनी व्यवहार मंत्रालयाचं) डीएससी, म्हणजे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट. दांडिया बाजारातल्या अकाउंटंट काकांकडे तेही यूएसबी टोकनमध्येच असतं, त्यालाही पिन असतो, त्यावरही कंपनीच्या मालकाचं नाव असतं. मग शेठ विचारतात, ‘अरे, सही तर हीच ना? दुसरी कशाला विकत घ्यायची?’ त्यांना सांगायचं ते असं. डीएससी हे २००० सालच्या आयटी कायद्याखाली रिटर्न, टेंडर, पीडीएफ असल्या कागदपत्रांसाठी दिलेलं असतं. प्रोग्रामवर सही करायला सर्टिफिकेटमध्ये कोड सायनिंगचा उद्देश वेगळा नोंदवलेला लागतो आणि ज्याच्या मुळावर विंडोज विश्वास ठेवतं अशाच संस्थेने ते दिलेलं लागतं. डीएससीने इन्स्टॉलरवर सही होत नाही. आणि दोन्ही टोकनं एकाच मशीनला लावलेली असतील तर ‘योग्य ते आपोआप निवड’ हा साइनटूलचा पर्याय वापरू नका. थंबप्रिंट देऊन नेमकं सर्टिफिकेट सांगा.

थंबप्रिंटच्या चाळणीवर शून्य आलं आणि आकडे तर डोळ्यांनी तंतोतंत जुळताहेत, असं झालं तर कॉपी-पेस्टवर संशय घ्या. सर्टिफिकेटच्या डिटेल्स खिडकीतून थंबप्रिंट उचलला की त्याच्या सुरुवातीला एक न दिसणारं युनिकोड चिन्ह चिकटून येऊ शकतं. नोटपॅडमध्ये ते दिसत नाही, डिफमध्येही नजरेतून निसटतं. पॉवरशेलमधून थंबप्रिंट काढा, नाहीतर पहिलं अक्षर आणि त्याच्या आधीचं सगळं खोडून हाताने टाइप करा. ज्यांनी यावर अख्खी दुपार घालवली आहे त्यांना हा परिच्छेद वाचून हसू येईल, थोडं कडूच.

प्रायव्हेट कीच्या चाळणीवर शून्य येणं हा हल्लीचा नेहमीचा प्रकार. त्याची पार्श्वभूमी अशी की १ जून २०२३ पासून सीए ब्राउझर फोरम या, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचाच्या नियमानुसार कोड सायनिंगची प्रायव्हेट की हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, तीही एफआयपीएस १४०-२ लेव्हल २ (अमेरिकी सरकारचं सुरक्षा-मानक) किंवा तत्सम दर्जाच्या. म्हणजे पूर्वीसारखी कीसकटची पीएफएक्स फाइल मिळत नाही. मिळतं ते यूएसबी टोकन, नाहीतर क्लाउडवरच्या एचएसएमची, म्हणजे की सांभाळणाऱ्या सुरक्षित हार्डवेअरची वाट. टोकन लावलं की त्यातल्या सर्टिफिकेटची एक प्रत विंडोजच्या पर्सनल स्टोअरमध्ये उतरते आणि टोकन काढल्यावरही ती बऱ्याचदा तिथेच राहते. त्यामुळे सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये सगळं झकास दिसतं, की मात्र ड्रॉवरमध्ये पडलेली असते. टोकन खरंच लावलंय का, त्याचं क्लायंट सॉफ्टवेअर चालू आहे का, त्यात टोकनचं नाव दिसतंय का, हे त्याच क्रमाने पाहा. स्टोअरही तपासा. सर्टिफिकेट मशीनच्या स्टोअरमध्ये टाकलेलं असेल तर साइनटूलला तसं वेगळं सांगावं लागतं, कारण एरवी ते चालू युजरच्याच स्टोअरमध्ये शोधतं.

आणि आता रिमोट डेस्कटॉप. पावसाळ्यात विश्वामित्रीचं पाणी चढू लागलं की अर्धी बडोदेकर आयटी घरून काम करते. बिल्ड मशीन ऑफिसात, टोकन त्याच्या मागे खोचलेलं, तुम्ही वाघोडिया रोडवरच्या घरून आरडीपीने (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने) आत शिरता आणि टोकन गायब! मशीन तेच, युजर तोच. टोकन हललेलंही नाही. पण आरडीपी सेशनमध्ये विंडोज स्मार्ट कार्डसाठी (टोकनही त्याच्या लेखी स्मार्ट कार्डच) ऑफिसातल्या मशीनकडे बघतच नाही, ते बघतं तुम्ही ज्या मशीनवरून जोडला आहात तिकडे. विंडोजची रचनाच तशी आहे, त्यामुळे ड्रायव्हर कितीही वेळा काढून घातला तरी फरक पडणार नाही. वाटा तीन आहेत. व्हीएनसी किंवा तत्सम स्क्रीन शेअर करणाऱ्या साधनाने मशीनच्या मूळ कन्सोलवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवरच्या लॉगिनवर जा. किंवा टोकन घरी घेऊन जा आणि आरडीपीच्या लोकल रिसोर्सेसमध्ये स्मार्ट कार्ड चालू करा. किंवा कन्सोलवर लॉगिन असलेल्या युजरखाली बिल्ड एजंट (आदेश आला की बिल्ड चालवणारा प्रोग्राम) चालू ठेवा आणि तुम्ही नुसता बिल्डचा आदेश द्या. मला तिसरी वाट सर्वात कमी कटकटीची वाटते. टोकन खिशात घालून स्कूटरवर हिंडणं मला पटत नाही.

बिल्ड एजंट विंडोज सर्व्हिस म्हणून चालवत असाल तर मात्र निराळीच गंमत होते. एरर येत नाही, बिल्ड नुसती लटकते. पिन मागणारी खिडकी सेशन शून्यमध्ये, म्हणजे सर्व्हिसेसच्या वेगळ्या सेशनमध्ये उघडलेली असते, जिथे बघायला कोणी नाही, आणि साइनटूल बिचारं उत्तराची वाट पाहत बसतं. एजंट साध्या लॉगिन सेशनमध्ये चालवा आणि सेफनेटचं टोकन असेल तर त्याच्या क्लायंटमध्ये सिंगल लॉगऑन चालू करा, म्हणजे सेशनमध्ये एकदाच पिन द्यावा लागतो. पिन थेट टोकनमधल्या कीच्या कंटेनरच्या नावात कोंबून देण्याची एक युक्ती सगळीकडे फिरते. ती चालते, नाही असं नाही. पण पिन स्क्रिप्टमध्ये जातो, तिथून लॉगमध्ये, लॉगमधून कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर. मग की हार्डवेअरमध्ये कोंडण्याला अर्थ काय राहिला?

स्क्रिप्टमध्ये ‘फेल झालं तर पुन्हा प्रयत्न कर’ असं लिहिलेलं असेल तर पिनच्या बाबतीत ते आजच काढा. चुकीचा पिन ठरावीक वेळा गेला की टोकन लॉक होतं, आणि स्क्रिप्टला तेवढे प्रयत्न करायला काही सेकंद पुरतात. टोकनचा अ‍ॅडमिन पासवर्ड हाताशी असेल तर उघडता येतं. नसेल तर टोकन पुसून पुन्हा सुरू करावं लागतं, त्यात की जाते आणि सर्टिफिकेट नव्याने काढून घ्यावं लागतं. टोकन हातात पडलं त्याच दिवशी अ‍ॅडमिन पासवर्ड बदलून तिजोरीत ठेवा.

टाइमस्टॅम्प

टाइमस्टॅम्प सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही, हा एरर सगळे ‘नेटचा प्रॉब्लेम’ म्हणून सोडून देतात. कधी तो तसाच असतो. टाइमस्टॅम्पचे पत्ते बहुधा साध्या एचटीटीपीचे असतात आणि ऑफिसचा प्रॉक्सी किंवा फायरवॉल नेमकं तेच अडवतो. शेकडो डीएलएलवर (प्रोग्रामसोबतच्या कोडच्या फाइलींवर) एका दमात सह्या मारल्या तर समोरचा सर्व्हरही हात आखडता घेतो. दोन प्रयत्नांत काही सेकंद थांबा, पर्यायी सर्व्हर स्क्रिप्टमध्ये ठेवा. इथे पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. ज्या डीएलएलवर त्यांच्या मूळ कंपनीची सही आधीच आहे, त्यांवर पुन्हा सही करण्याचीही गरज नाही.

पण कंटाळून टाइमस्टॅम्पच गाळणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात महागडा शॉर्टकट आहे. टाइमस्टॅम्प नसलेली सही आज अगदी व्यवस्थित दिसते आणि सर्टिफिकेटची मुदत संपली की सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकदमच अवैध होते. टाइमस्टॅम्प असेल तर सही केली त्या वेळी सर्टिफिकेट चालू होतं, एवढं सिद्ध होतं आणि ती पुढेही टिकते. आरएफसी ३१६१ या मानकाचा टाइमस्टॅम्प वापरा, म्हणजे टीआर हा पर्याय, जुना नुसता टी नव्हे. त्याच्या हॅशसाठी (मजकुराच्या गणिती ठशासाठी) असलेला टीडी हा पर्याय टीआरच्या नंतर लिहा, आधी नाही. क्रम उलटा झाला तर एसएचए-२५६ मागूनही भलताच हॅश मिळू शकतो.

सही झाली, पण तपासणीत नापास

आधी एक खोटा इशारा बाजूला काढू. साइनटूलची व्हेरिफाय कमांड नुसतीच चालवली तर ती ड्रायव्हरच्या नियमांनी तपासते आणि तुमची अगदी बरोबर असलेली सही नापास करते. पीए हा पर्याय जोडा. त्याच्यासोबत टीडब्ल्यू जोडलात तर टाइमस्टॅम्प नसल्याचीही सूचना मिळते. या दोन्हींसकट तपासणी बिल्डच्या शेवटी कायमची घाला आणि ती नापास झाली तर इन्स्टॉलर बाहेर जाऊच देऊ नका.

तरीही नापास, आणि कोड ८००९६०१० असा दिसत असेल, तर सहीनंतर फाइल बदलली आहे. यात वादाला जागा नाही, कोणी बदलली एवढंच शोधायचं. संशयित ठरलेले असतात. आयकॉन किंवा व्हर्जन बदलणारं साधन, एक्झे आवळून लहान करणारा यूपीएक्ससारखा पॅकर, कोड गिचमिड करणारा ऑबफस्केटर, फाइलच्या शेवटी गिऱ्हाइकाचा लायसन्स नंबर चिकटवणारी एखादी जुनी स्क्रिप्ट. पॉवरशेल स्क्रिप्टवर सही केली असेल तर गिट ओळींचे शेवट बदलूनही ती मोडतं. टेक्स्ट मोडमधल्या एफटीपीने एक्झे पाठवणारे अजून आहेत, त्यांनाही धरा. सहीच्या आधी आणि पाठवण्याच्या आधी, असे दोनदा फाइलचे हॅश लॉगमध्ये छापले की चोर लवकर सापडतो.

क्रम असा ठेवा: आतले एक्झे आणि डीएलएल आधी, मग अनइन्स्टॉलर, शेवटी इन्स्टॉलर. अनइन्स्टॉलर नेमका विसरला जातो, कारण तो इन्स्टॉलर बांधतानाच तयार होतो. मग गिऱ्हाईक प्रोग्राम काढायला जातो तेव्हा ‘अननोन पब्लिशर’ची पिवळी खिडकी येते. इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनात साइनटूल आणि साइन्ड अनइन्स्टॉलर या सेटिंगने हे सुटतं. तशाच एनएसआयएसमध्ये ३.०८ आवृत्तीपासून अनइन्स्टफायनलाइझची सोय आहे. इलेक्ट्रॉनच्या (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप बनवायची चौकट) अ‍ॅपचे इन्स्टॉलर बांधणारा इलेक्ट्रॉन बिल्डर हे स्वतःच करतो, पण त्याचं एक वेगळं लचांड आहे. विनकोडसाइन नावाचं पॅकेज उलगडताना ‘सिम्बॉलिक लिंक बनवता येत नाही’ असं म्हणून तो थांबतो. त्यात मॅकच्या फाइलींच्या सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) असतात आणि साध्या विंडोज युजरला सिमलिंक बनवायची परवानगी नसते. विंडोजचा डेव्हलपर मोड चालू करा. सर्टिफिकेटला दोष देऊ नका, तिथपर्यंत गाडी पोचलेलीच नसते.

इथे पास, गिऱ्हाइकाकडे नापास

‘भाई, आमां तो वायरस बतावे छे,’ म्हणजे यात तर व्हायरस दाखवतंय, असा हालोलहून फोन आला की आधी स्क्रीनचा फोटो मागवा. निळी खिडकी आणि ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ असेल तर तो विंडोजचा पहारेकरी स्मार्टस्क्रीन आहे. सही बरोबर असूनही तो येतो, कारण तो लौकिक बघतो: ही फाइल, हा प्रकाशक, आजवर कितीजणांनी बिनतक्रार उतरवून घेतला. महागडं ईव्ही (कंपनीची कसून तपासणी करून दिलेलं) सर्टिफिकेट घेतलं की हा लौकिक पहिल्या दिवसापासून मिळतो, असं विकणारे अजूनही सांगतात. २०२४ पासून मायक्रोसॉफ्टने ती सवलत काढून घेतली आहे, तेव्हा केवळ त्यासाठी ईव्हीचे जास्तीचे पैसे मोजू नका. तुमच्या ऑफिसात ही खिडकी दिसत नाही, कारण नेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज एक खूण करून ठेवतं आणि स्मार्टस्क्रीन त्या खुणेवर जागा होतो. बिल्ड मशीनवरून उचललेल्या फाइलवर ती खूण नसते, आणि एफएटी ३२ पेनड्राइव्हवर ती टिकतही नाही. चाचणी करायची तर फाइल वेबसाइटवरून, दुसऱ्याच मशीनवर, ब्राउझरने उतरवून करा.

८००बी०१०९ असा कोड म्हणजे तुमच्या सर्टिफिकेटपासून ते देणाऱ्या संस्थेपर्यंतच्या साखळीच्या टोकाचं मूळ सर्टिफिकेट त्या मशीनला ओळखीचं नाही. विंडोज ही मुळं गरजेप्रमाणे नेटवरून आणतं. ज्या कारखान्यात मशीनला मुद्दामच नेट दिलेलं नसतं, तिथे ती कधी पोचतच नाहीत. नेट असलेल्या मशीनवर सर्टयूटिल या विंडोजच्या कमांडने विंडोज अपडेटमधली मुळांची एसएसटी फाइल बनवा आणि ती तिकडे नेऊन घाला. कोणत्या तरी साइटवरून सुटं रूट, म्हणजे मूळ सर्टिफिकेट, उतरवून टाकणं मला मान्य नाही, विशेषतः दुसऱ्याच्या मशीनवर.

विंडोज ७ अजून भेटतं. १४ जानेवारी २०२० ला त्याचा आधार संपला, पण सीएनसी मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरला त्याचं काय? एसएचए-२ या नव्या हॅशच्या सह्या नीट ओळखायला तिथे केबी ४४७४४१९ हा अपडेट लागतो. तो घालता येत नसेल तर एक सूचनाफलक लिहून इन्स्टॉलरसोबत द्या आणि पुढे चला, तिथे जास्त वेळ घालवण्यात राम नाही.

आणि घड्याळ. मदरबोर्डची सेल संपली की कॉम्प्युटर थेट काही वर्षं मागे जातो आणि तुमचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून जन्मलेलंच नसतं.  रिमोटने जोडल्यावर सर्वात आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघायची सवय लावून घ्या.

मॅकसाठीही बांधत असाल तर

थोडक्यात चार गोष्टी. एसएसएचवरून (दूरच्या मशीनवर कमांड चालवण्याच्या वाटेने) सही करताना ‘एररसेक इंटर्नल कॉम्पोनंट’ आला तर कीचेन, म्हणजे मॅकची पासवर्ड आणि किल्ल्यांची पेटी, कुलूपबंद आहे. सिक्युरिटी कमांडने ती उघडा आणि कीची पार्टिशन लिस्टही लावा. ‘डेट्रिटस नॉट अलाउड’ आला तर फाइलींना फाइंडरने चिकटवलेली जादा माहिती एक्सअ‍ॅटर कमांडने पुसा. प्रोजेक्ट आयक्लाउडशी जोडलेल्या डेस्कटॉपवर असेल तर ती पुन्हा पुन्हा येते, तेव्हा फोल्डरच हलवा. ‘साखळी मुळापर्यंत बांधता आली नाही’ असं आलं तर अ‍ॅपलचं मधलं सर्टिफिकेट बसवा, आणि कोणी मदत म्हणून स्वतःच्या सर्टिफिकेटला ‘ऑलवेज ट्रस्ट’ केलं असेल तर ते पुन्हा सिस्टिम डीफॉल्टवर आणा, कारण त्याने साखळी जुळायच्या ऐवजी तुटते. नोटरायझेशनची (अ‍ॅप अ‍ॅपलकडून तपासून घेण्याची) जुनी स्क्रिप्ट ऑल्टूलवर असेल तर ती १ नोव्हेंबर २०२३ पासून चालत नाही. नोटरीटूल वापरा, आणि नाकारलं गेलं तर त्याचा लॉग मागवून वाचा, त्यात फाइलचं नाव दिलेलं असतं.

नूतनीकरणाआधी

१ मार्च २०२६ पासून दिल्या जाणाऱ्या कोड सायनिंग सर्टिफिकेटची कमाल मुदत ४६० दिवसांवर आली आहे. पूर्वी ती ३९ महिने होती. म्हणजे नूतनीकरणाची कटकट आता जवळजवळ दरवर्षी. त्यात इलेक्ट्रॉन अपडेटर (अ‍ॅपला आपोआप अपडेट आणून देणारं साधन) वापरणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच करून ठेवायला हवी. जुनं अ‍ॅप नवा अपडेट उतरवतं तेव्हा त्याच्या सहीतलं प्रकाशकाचं नाव आपल्याकडच्या नावाशी ताडून बघतं. नूतनीकरणात ‘प्रा. लि.’ची स्पेलिंग बदलली, प्रोप्रायटरशिपची कंपनी झाली किंवा नावातलं एखादं टिंब गळलं, तरी अपडेट ‘हा मालक तो नव्हे’ म्हणून नाकारला जातो. गिऱ्हाइकाला काही दिसत नाही, अपडेट नुसते येणं थांबतात. तेव्हा जुन्या सर्टिफिकेटला निदान महिना-दोन महिने उरलेले असताना नव्याचं नेमकं नाव विचारून घ्या. पब्लिशरनेम या सेटिंगमध्ये जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं टाका आणि ती आवृत्ती जुन्याच सर्टिफिकेटने सही करून सगळ्यांकडे पोचू द्या. नव्या सर्टिफिकेटची पहिली सही त्यानंतर. मधल्या काळात ज्यांचं मशीन बंद होतं, त्यांच्याकडे इन्स्टॉलर हातानेच पाठवावा लागेल.